साळिंदराच्या गावी: कुमासी आणि असान्ते कोटोको

घानात जाणारा बहुतेक प्रवासी केप कोस्ट आणि एल्मिनाचे गुलामांचे किल्ले बघतो, समुद्रात पाय बुडवतो आणि परततो. किल्ले मीही पाहिले. त्यांच्याबद्दल लिहायला अजून धीर होत नाही. ही नोंद आहे आतल्या जंगलपट्ट्यातल्या कुमासी शहराची आणि तिथल्या असान्ते कोटोको या फुटबॉल क्लबची.

तरी सुरुवात राजधानी आक्रातूनच करावी लागते, कारण हार्ट्स ऑफ ओकचं नाव घेतल्याशिवाय कोटोकोची गोष्ट पुढे सरकत नाही. हार्ट्स आक्राचा, किनाऱ्यावरचा, घानातला सगळ्यात जुना टिकून असलेला क्लब. स्थापना ११ नोव्हेंबर १९११. त्याच वर्षी जुलैमध्ये इकडे कोलकात्यात मोहन बागानच्या पोरांनी, बहुतेकांनी अनवाणी खेळून, गोऱ्या पलटणीला हरवलं होतं. साहेबाचा खेळ साहेबाकडून हिसकावून घेण्याचे उद्योग तेव्हा दोन्हीकडे जोरात होते.

आक्राच्या स्टेडियमबाहेर एक पुतळा आहे. एक माणूस दुसऱ्याला हातांवर उचलून घेऊन निघालेला. खाली बायबलमधल्या वचनाच्या चालीवर लिहिलंय की मी माझ्या भावाचा राखणदार आहे. आणि तारीख: ९ मे २००१. त्या बुधवारी इथे हार्ट्स आणि कोटोकोचा सामना होता. कोटोको पुढे होता. शेवटी शेवटी हार्ट्सने दोन गोल करून २-१ अशी बाजी उलटवली. कोटोकोच्या बाजूच्या काही लोकांनी चिडून प्लॅस्टिकच्या खुर्च्या उपटून मैदानात फेकल्या. पोलिसांनी सरळ भरल्या स्टँडमध्ये अश्रुधुराची नळकांडी फोडली. लोक जिन्यांकडे धावले, तर बाहेरची काही दारं बंद. सव्वाशेहून अधिक माणसं चेंगरून, गुदमरून गेली. आफ्रिकेतल्या फुटबॉलमधली ही सगळ्यात मोठी दुर्घटना. चौकशी आयोगाने पोलिसांवर ठपका ठेवला, सहा अधिकाऱ्यांवर खटला चालला आणि सगळे सुटले. पुढचं वाचायची मला गरज वाटली नाही; आपल्याकडची असली प्रकरणं कुठे जाऊन थांबतात ते आपल्याला पाठ आहे.

पुतळ्याजवळच्या सावलीत एक बाई डोक्यावरच्या घमेल्यातून पाण्याच्या पिशव्या विकत होती. प्लॅस्टिकची अर्ध्या लिटरची चौकोनी पिशवी, कोपरा दाताने फाडायचा आणि चोखायची. मी कुमासीला चाललोय म्हटल्यावर तिने मान हलवली. "कोटोको?" तिने विचारलं. मी हो म्हणालो. "मग माझ्याकडून पाणी कशाला घेतोस?" बाई हार्ट्सची होती.

आक्रा ते कुमासी साधारण अडीचशे किलोमीटर. बस भरल्याशिवाय हलत नाही आणि हलली की आधी प्रार्थना. एक गृहस्थ मधल्या वाटेत उभे राहिले, सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं घातलं, सगळ्यांनी आमेन म्हटलं. मला वाटलं झालं. पण त्याच गृहस्थांनी पिशवीतून बाटल्या काढल्या आणि पाठदुखी, मूळव्याध, मधुमेह आणि 'पुरुषांचे प्रश्न' या सगळ्यांवर चालणारं एकच झाडपाल्याचं औषध विकायला घेतलं. एसटीत लिंबू पिळण्याचं यंत्र विकणाऱ्यांची परंपरा मला किती विश्वव्यापी आहे ते त्या दिवशी कळलं. खपही चांगला झाला.

ही प्रार्थना उगाच नसते. रस्ता बऱ्याच ठिकाणी दुपदरी, कडेला नादुरुस्त ट्रक उभे, आणि अंधार पडला की कशाचा काही भरवसा नाही. जुलै २०१७ मध्ये आक्रातला सामना संपवून परतणारी कोटोकोची बस इन्कॉकॉ गावाजवळ अशाच उभ्या ट्रकवर आदळली. संघाचं सामान सांभाळणारा एक कर्मचारी गेला, खेळाडू जखमी झाले. आमच्या बसमधल्या शेजाऱ्याने त्या गावाजवळ बोट दाखवून हे सांगितलं आणि लगेच भाजलेलं केळं माझ्यापुढे केलं. पिकत आलेलं भाजीचं केळं कोळशावर भाजायचं, सोबत मूठभर शेंगदाणे. घानात शाकाहारी माणूस जगतो तो यावर, आणि पाम तेलात शिजवलेल्या चवळीवर.

कुमासीत उतरलो ते केजेतियाला. पश्चिम आफ्रिकेतल्या सगळ्यात मोठ्या बाजारांपैकी हा एक. आता निम्मा नव्या काँक्रीटच्या छताखाली गेलाय, निम्मा अजून रस्त्यावर सांडलेला आहे. मला पोरं 'ओब्रोनी' म्हणून हाका मारत होती. हे खरं गोऱ्यांसाठीचं संबोधन, पण बाहेरून आलेल्या कोणालाही लावतात. मी भारतातला आहे कळल्यावर कापडाच्या दुकानातल्या मावशींनी एका हिंदी मालिकेतल्या सासू-सुनांची चौकशी केली. ती मालिका तिथे ट्वी भाषेत डब होऊन वर्षानुवर्षं चालली आहे. मी ती पाहत नाही, असं सांगितल्यावर मावशींचा माझ्यातला रस संपला.

आता क्लबची गोष्ट. ती इथे मला तीन-चार जणांनी सांगितली आणि तपशील पुढेमागे झाले तरी सांगाडा तोच होता. क्वासी कुमा नावाचा एक तरुण ड्रायव्हर, कुमासी ज्यांची राजधानी त्या असान्ते समाजातला, एका इंग्रज अधिकाऱ्याची गाडी चालवायचा. १९२४ साली साहेबाबरोबर आक्राला गेला असताना त्याने तिथे हार्ट्सचा सामना पाहिला आणि तो येडाच झाला. परत येऊन त्याने एल. वाय. असामोआ या इलेक्ट्रिशियन मित्राला गाठलं. पोरं जमवली आणि १९२६ मध्ये संघ उभा राहिला: असान्ते युनायटेड. ड्रायव्हर आणि वायरमनने काढलेला क्लब, हे मला फार आवडलं. संघाची कामगिरी मात्र यथातथा. तेव्हा नशीब बदलावं म्हणून नाव बदलत गेले. १९३१ मध्ये मायटी ॲटम्स, १९३४ मध्ये टायटॅनिक्स. बुडालेल्या जहाजाचं नाव घेऊन नशीब कसं उघडणार होतं, कोण जाणे! शेवटी १९३५ मध्ये जे. एस. के. फ्रिम्पाँग नावाच्या शाळामास्तरांनी 'कोटोको' सुचवलं.

कोटोको म्हणजे साळिंदर. पण हे कोणीही उठून लावावं असं नाव नव्हतं, कारण साळिंदर हे असान्ते राज्याचं चिन्ह. 'हजार मारा, हजार येतील' ही त्यांची जुनी युद्धघोषणा साळिंदराच्या काट्यांवरूनच आलेली. त्यामुळे मास्तरांना राजाची, म्हणजे असान्तेहेनेची, परवानगी काढावी लागली. राजे दुसरे प्रेम्पे यांनी ती दिली आणि स्वतः क्लबचे तहहयात आश्रयदाते झाले. ३१ ऑगस्ट १९३५ हा क्लबचा वाढदिवस.

आता या तारखांच्या शेजारी दुसऱ्या तारखा ठेवून बघा. १८७४ मध्ये इंग्रजांनी कुमासी जाळलं आणि राजवाड्यातलं सोनं लुटलं. १८९६ मध्ये राजा पहिला प्रेम्पे याला पकडून देशाबाहेर नेलं आणि पुढे सेशेल्स बेटांवर ठेवलं. १९०० मध्ये गव्हर्नरने असान्तेंचं सुवर्णासन मागितलं. त्यांच्या लेखी अख्ख्या समाजाचा आत्मा त्या आसनात असतो, त्यावर राजासुद्धा बसत नाही. गव्हर्नरला मात्र त्यावर बसायचं होतं. एजिसूची राजमाता याआ असान्तेवा लढायला उभी राहिली; तीही पुढे सेशेल्सला गेली आणि तिथेच वारली. आसन इंग्रजांच्या हाती कधीच लागलं नाही. राजा परत आला १९२४ मध्ये, म्हणजे क्वासी कुमाने आक्रात पहिला सामना पाहिला त्याच वर्षी. आणि असान्ते राज्यसंघाला इंग्रजांनी पुन्हा मान्यता दिली ती जानेवारी १९३५ मध्ये, कोटोको हे नाव मिळण्याच्या सात महिने आधी.

हे जुळवून पाहिलं तेव्हा मला क्लबचा उलगडा झाला. राज्य परत मिळालं, पण सैन्य ठेवायची परवानगी नव्हती. मग साळिंदराचं चिन्ह अकरा जणांच्या छातीवर लावलं. हा माझा अर्थ आहे, इतिहासकार वाद घालतील. पण कुमासीत कोणापुढेही तो मांडला तर समोरचा 'मग, दुसरं काय?' अशा चेहऱ्याने बघतो. आजही क्लबचा मालक असान्तेहेनेच. कार्यकारिणी नेमणं, मोडणं, संघ हरायला लागला की पदाधिकाऱ्यांना बोलावून घेणं, सगळं मान्हिया राजवाड्यातून चालतं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी तालमींना दिलेला आश्रय आठवा आणि तो अजून चालू आहे असं समजा.

मान्हियाच्या जुन्या वाड्यात आता म्युझियम आहे. परतलेल्या प्रेम्पेसाठी इंग्रजांनी १९२५ मध्ये हा दुमजली बंगला बांधला. भेट म्हणून तो राहायला तयार होईना; असान्तेंनी वर्गणी काढून बांधकामाचा सगळा खर्च चुकता केला, मगच पाऊल ठेवलं. आत फोटो काढू देत नाहीत. गाइडने राजे-राजमातांचे मेणाचे पुतळे दाखवले आणि मग एका खोलीत नेलं, जिथे १८७४ च्या लुटीतलं सोनं आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने मिळून ३२ वस्तू २०२४ मध्ये कुमासीला पाठवल्या. दिल्या नाहीत, उसन्या पाठवल्या. मुदत तीन वर्षं. राजाच्या सेवकांनी छातीवर घालायची सोन्याची गोल तबकडी बघत मी उभा होतो. तळहाताएवढी, कडेला बारीक नक्षी, मध्ये उंचवटा. त्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधून त्याच वर्षी आपल्या साताऱ्यालाही वाघनखं आली, तीही तीन वर्षांच्याच बोलीवर. ती शिवरायांचीच का, यावर आपल्याकडे वाद झाला. इथे तो वादच नाही. कुठून, कधी, कोणी नेलं ते सगळं लिहिलेलं आहे. तरीही उसनंच. मी गाइडला वाघनखांबद्दल सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे तुमचंही भाड्याने चाललंय!"

दुपारी स्टेडियमवर गेलो. हे १९५९ मध्ये उघडलं, देश स्वतंत्र होऊन दोन वर्षं झाली होती आणि त्याच वर्षी कोटोकोने पहिल्यांदा लीग जिंकली. सुमारे चाळीस हजार माणसं मावतात. नाव बाबा यारा स्टेडियम, आणि या नावामागची गोष्ट मला राजवाड्यातल्या सगळ्या गोष्टींपेक्षा जास्त लागली.

बाबा यारा कुमासीचा. आधी घोड्यांच्या शर्यतीत जॉकी होता, १९५५ मध्ये कोटोकोत आला आणि मैदानाच्या उजव्या बगलेवरून असा धावायचा की त्याला बगलेचा राजा म्हणू लागले. मग मधे राजकारण आलं. राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा आणि असान्ते यांचं कधी पटलं नाही. १९५४ मध्ये कोकोच्या भावावरून पेटून एन्क्रुमांच्या विरोधात जी चळवळ उभी राहिली, तिचं घर कुमासीच. एन्क्रुमांना आफ्रिकेला दाखवायला एक आदर्श संघ हवा होता. त्यांचे क्रीडाप्रमुख ओहेने जान यांनी १९६१ मध्ये रिअल रिपब्लिकन्स नावाचा क्लब काढला. नाव रिअल माद्रिदवरून. आणि खेळाडू? प्रत्येक मोठ्या क्लबचे सगळ्यात चांगले दोन उचलायचे. कुमासीला हे किती झोंबलं असेल ते सांगायला नको. बाबा यारा गेला. २४ मार्च १९६३ ला पूर्वेकडच्या क्पांडूमधला सामना खेळून येताना रिपब्लिकन्सची बस उलटली आणि त्याचा कणा मोडला. इंग्लंडच्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात पाठवलं, पण पाय परत आले नाहीत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये घानाने आफ्रिका चषक जिंकला. १९६९ च्या मे महिन्यात तो गेला, जेमतेम बत्तीस-तेहतीस वर्षांचा. रिपब्लिकन्स त्याच्या आधीच संपला होता: १९६६ मध्ये एन्क्रुमांची सत्ता गेली, क्लबही गेला.

मी पाहिलेला सामना लीगमधला साधा होता. तिकीट पत्र्याच्या खिडकीतून, रांग म्हणजे नावापुरती. सगळे लाल रंगात. आमच्या डोक्यावर तुतारी, ट्रम्पेट आणि ढोलांचा ताफा आणि त्यांची 'जामा' गाणी. गाणं चर्चचं की शिवीगाळीचं हे चालीवरून कळत नाही. एक पोरगा काचेच्या पेटीतून उकडलेली अंडी विकत होता. अंडं सोलायचा, बोटभर चाकूने मधोमध उभं चिरायचा आणि त्या फटीत मिरची-टोमॅटोचा खर्डा भरून द्यायचा. सोललेलं टरफल परत पेटीखालच्या कप्प्यात. पूर्ण कृती मैदानाकडे बघत, एकदाही खाली न बघता.

माझ्या बाजूला एक पांढऱ्या केसांचे आजोबा बसले होते. निवृत्त मास्तर. मी कुठून आलो ते ऐकल्यावर म्हणाले, "आमची पोरं तुमच्याकडे खेळायला जातात." मी युसिफ याकुबूचं नाव घेतलं, तो गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडून आणि मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडून खेळायचा. त्यांना नाव ठाऊक होतं. मग गप्पा लागल्या आणि मैदानावर जे चाललं होतं ते फारसं बघण्यासारखं नसल्याने आम्ही १९६७ वर गेलो.

त्या वर्षी कोटोको पहिल्यांदा आफ्रिकेच्या चॅम्पियन क्लब स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचला. समोर काँगोचा एंगलबर्ट, आजचा टीपी माझेम्बे. घरी १-१, तिकडे २-२. तिसरा सामना ठरला आणि कोटोको आलाच नाही. कुमासीत सांगतात की घानाच्याच फुटबॉल महासंघाने क्लबला तारीख कळवलीच नव्हती. चषक न खेळताच गेला. आजोबा त्या गोष्टीवर अजून खवळतात. पण १९७० च्या स्पर्धेत तोच एंगलबर्ट समोर आला. पुन्हा घरी १-१. आणि मग जानेवारी १९७१ मध्ये किन्शासात जाऊन कोटोकोने २-१ ने जिंकलं. कर्णधार इब्राहिम संडे, तो पुढे आफ्रिकेचा सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. गोलमध्ये रॉबर्ट मेन्सा, डोक्यावर चौकडीची टोपी घालणारा. त्या टोपीत जादू आहे असं प्रतिस्पर्धी खरंच मानायचे आणि तो त्यांचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडायचा नाही. त्याच वर्षी तेमा शहरातल्या एका बारमधल्या भांडणात कोणीतरी फुटकी बाटली त्याच्या पोटात खुपसली. तो वाचला नाही. या क्लबच्या आनंदाशेजारी नेहमी काहीतरी असं येऊन बसतं.

"पण खरं सांगू? त्र्याऐंशी," आजोबा म्हणाले. १९८३ हे घानात कोणालाही विचारा. पाऊस नाही, शेतं आणि कोकोच्या बागा वणव्यात जळालेल्या. त्यातच नायजेरियाने दहाएक लाख घानियनांना हाकलून दिलेलं. ते ज्या चौकड्यांच्या पिशव्यांत संसार भरून आले, त्या पिशव्यांना अजून 'घाना मस्ट गो' म्हणतात. आपल्या घराघरात त्या असतात, लग्नाची भांडी बांधायला वापरतो. लोक इतके वाळले की गळ्याजवळची वर आलेली हाडं म्हणजे 'रॉलिंग्ज चेन', लष्करशहा जेरी रॉलिंग्ज यांनी दिलेला दागिना. त्या डिसेंबरमध्ये कैरोचा बलाढ्य अल अहली कुमासीत आला. आदल्याच वर्षी त्याने कोटोकोला अंतिम फेरीत हरवलं होतं. कैरोत ०-०. कुमासीत ओपोकू एन्तीने एकच गोल केला आणि चषक आला. आजोबा तेव्हा शिक्षक होते, पगार मिळत होता पण त्यात विकत घ्यायला बाजारात काही नव्हतं. सकाळी सातला येऊन बसले होते, म्हणाले, खिशात उकडलेला कसावा. "गोल झाला तेव्हा तो कोणाच्या तरी डोक्यावर सांडला."

त्यानंतर आफ्रिकेचा हा मोठा चषक कुमासीला आलेला नाही. १९९३ मध्ये झमालेककडून पेनल्टीवर गेला. लीग मात्र वीसहून अधिक वेळा जिंकलेली आहे, अलीकडे २०२२ मध्ये. पण पोरगा जरा चमकला की अठरा-एकोणीसाव्या वर्षीच युरोपात नाही तर आखातात जातो, आणि घरी राहिलेले शनिवारी टीव्हीवर आर्सेनल-चेल्सी बघतात. त्या दिवशी स्टेडियम निम्म्याहून अधिक रिकामं होतं. हिंसाही संपलेली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्सुआत्रे गावातल्या सामन्यात कोटोकोच्या एका लाडक्या समर्थकाला भोसकून मारलं, लीग काही काळ थांबवावी लागली. राजाचा क्लब असण्याचा फायदा मोठा आहे, तोटाही तेवढाच वाटला मला. राजाला हरवणारं मत सभेत कोण मांडणार?

मी आजोबांना तसं विचारलंही. ते हसले आणि त्यांनी विषय बदलून २००४ चा कॉन्फेडरेशन कप काढला. पहिलीच स्पर्धा, अंतिम फेरीत घानाचेच दोन क्लब, कोटोको आणि हार्ट्स. आक्रात १-१, इथे कुमासीत, तेव्हा २००५ चा जानेवारी उजाडला होता, १-१, आणि मग पेनल्ट्या, ८-७ अशा हार्ट्सच्या बाजूने. स्वतःच्या घरात, स्वतःच्या लोकांपुढे. त्यांनी बोटांवर मोजत एकेक पेनल्टी सांगायला सुरुवात केली: कोणी कुठे मारली, गोलकीपर कुठे पडला. सहाव्या बोटापर्यंत मागचा एक तरुण आमच्या मध्ये वाकला आणि म्हणाला, तुमचं चौथ्याचं चुकतंय. मग मैदानावरची शिट्टी वाजली, सामना ०-० सुटला, लोक उठले. आजोबा आणि तो तरुण मात्र चौथ्या पेनल्टीवर अडून बसले होते, आणि अंड्यांच्या पेटीवाला पोरगा, जो २००५ च्या त्या जानेवारीत जन्मलाही नसेल, दोघांनाही चूक ठरवत होता.